प्रादेशिक निसर्ग व इतिहास यांचे आभासी शिक्षण : वसई परिसराच्या आधारे एक विवेचन

१. विषय व संज्ञा

पडद्यावरून दिल्या जाणाऱ्या शिक्षणाची आजवर जी चर्चा झाली, ती बहुतांशी गणित, विज्ञान, भाषा यांसारख्या सर्वत्र सारखेच स्वरूप असणाऱ्या विषयांना धरून झाली आहे. पायथागोरसचा सिद्धान्त मुंबईत शिकविला काय किंवा मोखाड्यास शिकविला काय, त्याच्या स्वरूपात फरक पडत नाही. प्रादेशिक निसर्ग व प्रादेशिक इतिहास हे विषय या जातीचे नव्हेत. त्यांची अभ्याससामग्री एका विशिष्ट भूमीशी निगडित असते, आणि ती भूमी तर शिकणाऱ्याच्या दाराबाहेरच पसरलेली असते. मग जे दाराबाहेर आहे, ते पडद्यावर का म्हणून पाहावे? हा प्रश्न वरवर पाहता साधा वाटतो. परंतु त्याच्या उत्तरावर अशा कार्यक्रमांचे सारे प्रयोजन अवलंबून आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार वसई परिसराच्या आधारे करण्याचे योजिले आहे.

प्रथम संज्ञेविषयी. 'व्हर्च्युअल' या इंग्रजी शब्दास मराठीत 'आभासी' हा प्रतिशब्द रूढ झाला आहे. जे नाही ते असल्यासारखे भासणे हा आभासाचा मूळ अर्थ असल्याने तो शब्द सर्वस्वी समाधानकारक नाही. तथापि रूढीस मान देऊन येथे तोच स्वीकारला आहे. शिक्षक, विद्यार्थी आणि अभ्यासवस्तू ही तिन्ही एका ठिकाणी नसताना चित्र, ध्वनी, नकाशा अथवा प्रतिकृती यांच्या द्वारे जो पाठ घडतो, तो आभासी पाठ होय. दूरचित्रवाणीवरील पाठमाला, जालावरील व्याख्यान व संग्रहालयातील वस्तूची त्रिमिती प्रतिकृती या सर्वांचा समावेश या व्याख्येत होतो.

२. पूर्वपीठिका

या शिक्षणप्रकाराचा इतिहास आपल्याकडे वाटतो तितका अलीकडचा नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात 'साइट' हा उपग्रह दूरचित्रवाणीचा प्रयोग सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत झाला. त्यासाठी अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वापरण्यात आला होता. महाराष्ट्राचा त्या सहा राज्यांत समावेश नव्हता. त्याच सुमारास गुजरातेतील खेडा जिल्ह्यात पीज येथील प्रक्षेपकावरून जिल्ह्यापुरते कार्यक्रम दाखविण्यास आरंभ झाला, आणि ते कार्यक्रम तेथील लोकांच्या भाषेत व तेथील प्रश्नांवर बेतलेले असत. आपल्या विषयाच्या दृष्टीने या दोहोंपैकी खेड्याचा प्रयोगच अधिक बोधप्रद आहे. एकच कार्यक्रम अनेक प्रदेशांत पोहोचविणे आणि एका प्रदेशाचा कार्यक्रम त्याच प्रदेशास दाखविणे ही भिन्न कामे आहेत, हे त्याने दाखवून दिले.

पुढे १९८४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने उच्च शिक्षणासाठी दूरचित्रवाणीवर पाठ सुरू केले. त्याच वर्षी पुण्यास 'बालचित्रवाणी' ही संस्था स्थापन झाली. ती २०१७ मध्ये बंद पडली. २०२० मध्ये साथीमुळे शाळा मिटल्या, तेव्हा एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी 'टिलीमिली' ही मालिका तयार केली व ती जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर दाखविली गेली. घरात व परिसरात सहज मिळणाऱ्या साधनांनी कृती करून शिकण्यावर तिचा भर होता. पडदा पाहून झाल्यावर मुलाने पडद्यापासून दूर जाऊन काहीतरी करावे, ही तिच्यामागील दृष्टी प्रादेशिक विषयांना विशेषच लागू पडते.

३. वसईची विखुरलेली साधने

एव्हरशाईन सिटी ही वसई रोड स्थानकाच्या पूर्वेस गेल्या काही दशकांत उभी राहिलेली वसाहत होय. वसई-विरार शहर महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक भरली. या लोकसंख्येचा मोठा भाग बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांचा आहे. एव्हरशाईन सिटीतील विद्यार्थ्याच्या पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर, पश्चिमेकडे खाडीच्या मुखाशी वसईचा किल्ला आणि वायव्येस सोपारे आहे. एका दिवसात यांपैकी कोठेही जाऊन येणे शक्य असते. असे असता आभासी कार्यक्रमाची गरज काय?

या प्रश्नाचे पहिले उत्तर असे की, स्थळ जवळ असले तरी त्याची साधने जवळ राहिलेली नाहीत. सोपाऱ्याचेच उदाहरण घ्यावे. प्राचीन शूर्पारक हे पश्चिम किनाऱ्यावरील एक प्रमुख बंदर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख येतो. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील 'बुरूड राजाचा कोट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टेकाडाचे उत्खनन केले आणि ते टेकाड म्हणजे बौद्ध स्तूप असल्याचे सिद्ध झाले. स्तूपाच्या गाभ्यात दगडी करंडक, एकात एक ठेवलेल्या अनेक डब्या, सुवर्णपुष्पे, यज्ञश्री सातकर्णीचे नाणे व आठ लहान धातुमूर्ती मिळाल्या. त्या मूर्ती सात मानुषी बुद्ध व मैत्रेय यांच्या आहेत. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला. त्याच वर्षी सोपाऱ्यास अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा उपलब्ध झाला. नवव्या शिलालेखाचा तुकडा १९५६ साली भुईगाव येथे मिळाला व तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. सारांश, आज सोपाऱ्यास जाणाऱ्या विद्यार्थ्यास स्तूप दिसतो, पण त्याच्या पोटात काय होते ते दिसत नाही. आणि मुंबईच्या संग्रहालयातील दर्शकास शिला दिसते, पण तिची भूमी दिसत नाही.

वसईच्या किल्ल्याची स्थिती याहून निराळी नाही. २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगिजांकडे गेली, आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी ती जिंकून घेतली. पोर्तुगीज कारभाराचे कागद गोवा व लिस्बन येथे आहेत; मोहिमेची मराठी पत्रे पुण्याच्या पेशवे दप्तरात आहेत. येथील चर्चमधील घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर गेल्या. वाईजवळील मेणवली, भीमाशंकर आणि नाशिकचे नारोशंकराचे देऊळ येथील घंटा परंपरेने वसई मोहिमेशी जोडल्या जातात. मेणवलीच्या घंटेवर १७०७ हे साल व बाल येशूसह मेरीची आकृती आहे. किल्ल्यातील घंटेविना उभा असलेला मनोरा आणि मेणवलीच्या घाटावरील घंटा एका दृष्टिक्षेपात आणणे हे पायी फिरणाऱ्यास अशक्य आहे. पडद्यास ते शक्य आहे. विखुरलेल्या साधनांचे त्यांच्या मूळ स्थळाशी पुनर्मीलन घडविणे, हे आभासी कार्यक्रमाचे पहिले व अनन्यसाधारण कार्य होय.

४. निसर्ग व काळाचे परिमाण

निसर्गाच्या बाबतीत अडचण स्थळाची नसून काळाची असते. वसई हे एके काळी खाडीने मुख्य भूमीपासून अलग झालेले बेट होते. पूर्वेकडील डोंगर व पश्चिमेकडील बागायत यांच्यामधील पट्टा सखल असून तेथे खाजण, मिठागरे व तिवरांची वने होती. त्यांचे अवशेष अद्यापि आढळतात. तुंगारेश्वराच्या उतारावरील पावसाचे पाणी याच पट्ट्यातून खाडीस मिळते. भरतीच्या वेळी खाडीची पातळी चढते व पाण्याचा निचरा मंदावतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तो अधिकच मंदावतो. अशा वेळी अतिवृष्टी झाली, तर पाणी साठावयास मोकळी जमीन हवी. ती जमीन जितकी भरली जाईल, तितके पाणी रस्त्यांवर व घरांत शिरेल.

जुलै २०१८ मध्ये वसई-विरार भागात पूर आला, नालासोपाऱ्याजवळ लोहमार्ग पाण्याखाली गेला व मिठागरांतील वस्ती पाण्याने वेढली गेली. खिडकीतून पाहणाऱ्या रहिवाशास त्या वेळी दिसले ते केवळ रस्त्यावरील पाणी. डोंगराचा उतार, भरतीची वेळ आणि भराव पडलेली जमीन ही कारणे एकत्रितपणे कोणाही एका निरीक्षकाच्या दृष्टीस पडत नाहीत. पर्जन्यमानाचे आकडे, भरती-ओहोटीचे कोष्टक, १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमधील भूवर्णन आणि इस्रोच्या 'भुवन' या संकेतस्थळावरील उपग्रहचित्रे ही एकापुढे एक मांडली, म्हणजे तीच घटना कार्यकारणभावासह समजते. येथे शिक्षणाचा प्रश्न नागरिकत्वाच्या प्रश्नाशी येऊन भिडतो. खाजण म्हणजे पडीक जमीन असे ज्याने गृहीत धरले आहे, तो तिच्या भरावास आक्षेप घेणार नाही. ती पाण्याची जागा आहे हे ज्यास कळले, तो निदान प्रश्न विचारील.

पश्चिम पट्ट्यातील बावखलांविषयीही हेच म्हणता येईल. बावखल म्हणजे बागायतीलगत राखलेले गोड्या पाण्याचे तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, आसपासच्या विहिरींस पाझर मिळतो आणि खाऱ्या पाण्याच्या शिरकावास आळा बसतो. केळी, नागवेल व फुले यांची वसईची बागायत या व्यवस्थेवर उभी राहिली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने 'हरित वसई'चे आंदोलन उभे राहिले, त्याच्या मुळाशीही पाणी व हिरवा पट्टा यांचीच चिंता होती. नव्या वसाहतीतील विद्यार्थ्यास बावखल दाखविले तरी त्यास ते डबकेच वाटण्याचा संभव आहे; त्याचे जलशास्त्र आधी समजले, तर तेच डबके त्यास अर्थपूर्ण दिसू लागते.

५. बोलींचा प्रश्न

प्रदेशाचे ज्ञान बहुधा प्रदेशाच्या बोलीत साठविलेले असते. वसईच्या पश्चिम पट्ट्यात सामवेदी अथवा कादोडी आणि वाडवळी या बोली, तर पूर्वेच्या डोंगराळ भागात वारली बोली आहे. मासे, वारा, भरती, पाण्याची साधने व पिकांच्या जाती यांसंबंधीचे अनेक शब्द या बोलींतच टिकून आहेत, आणि ते वापरणारी पिढी वृद्ध होत आहे. पाठ्यपुस्तकात या शब्दांना जागा नसते व लिखित कोशात त्यांचा उच्चार हरपतो. वृद्ध बागायतदाराने स्वतःच्या बोलीत केलेले बावखलाचे वर्णन ध्वनिमुद्रित करून, त्यासोबत प्रमाण मराठी रूप दिल्यास, एकाच पाठातून निसर्ग व भाषा या दोहोंचे दस्तऐवजीकरण होईल. जुन्या गावकऱ्याकडे असलेले ज्ञान नव्या वसाहतीतील रहिवाशापर्यंत पोहोचविण्यास आज दुसरे तितके सुलभ साधन नाही.

६. रचनेची तत्त्वे

वरील विवेचनावरून अशा कार्यक्रमांच्या रचनेची काही तत्त्वे निष्पन्न होतात.

पहिले, जे स्थळी जाऊन सहज पाहता येते त्याचे चित्रण गौण मानावे. किल्ल्याच्या तटावरून फिरणारी सुंदर दृश्ये हा सहलीचा दुबळा पर्याय ठरतो. स्थलान्तरित वस्तू, लुप्त झालेली भूरचना व ऋतुमानाने बदलणारी दृश्ये ही पडद्याची खरी सामग्री होय.

दुसरे, आख्यायिका, परंपरा व प्रमाण यांचे स्तर स्पष्ट वेगळे ठेवावेत. शूर्पारकाविषयी परशुरामाची कथा आहे, बौद्ध वाङ्मयातील पूर्णाची कथा आहे, आणि उत्खननाचा पुरावाही आहे. तिन्ही सांगावयास हव्यात. परंतु एकाच स्वरात सांगितल्या, तर ऐकणाऱ्यास त्या सारख्याच प्रमाणाच्या वाटतात. चित्र व संगीत यांच्या प्रभावामुळे हा धोका ग्रंथापेक्षा पडद्यावर अधिक असतो.

तिसरे, प्रत्येक पाठाचा शेवट एखाद्या निरीक्षणकार्यात व्हावा आणि विद्यार्थ्याने केलेली नोंद पुढील पाठात समाविष्ट व्हावी. भरतीच्या वेळी नाल्यातील पाणी कोणत्या दिशेने वाहते, एवढी नोंद महिनाभर ठेवणारा विद्यार्थी प्रेक्षक राहत नाही. तो सहसंशोधक होतो.

चौथे, जतनाची व्यवस्था आरंभीच असावी. व्याख्यान प्रक्षेपित झाले व विस्मृतीत गेले, अशी अवस्था आज पुष्कळदा दिसते. संस्था बंद पडतात, संकेतस्थळे नाहीशी होतात. म्हणून प्रत्येक पाठास दिनांक, स्थळ व साधननिर्देश जोडून त्याची प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवावी.

सोपाऱ्यास ज्याचा तुकडा मिळाला, त्या आठव्या शिलालेखाचा विषय येथे लक्षात घेण्याजोगा आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेस, म्हणजे मृगया व करमणुकीसाठी बाहेर पडत. अशोकाने तिच्या जागी धर्मयात्रा आणली, आणि तीत जानपद लोकांची भेट घेणे व त्यांच्याशी धर्मविषयक संवाद करणे यांचा अंतर्भाव केला, असा त्याचा आशय आहे. प्रवास तोच, परंतु हेतू बदलल्याने त्याचे स्वरूप बदलले. आभासी कार्यक्रमांनाही हीच कसोटी लावता येईल. ज्या पाठाने विद्यार्थ्याची केवळ करमणूक झाली, तो पाठ संपल्यावर काही उरत नाही. ज्या पाठानंतर तो सोपाऱ्याच्या स्तूपापाशी, खाजणाच्या बांधावर किंवा एखाद्या वृद्ध बागायतदाराच्या अंगणात प्रश्न घेऊन जातो, तो पाठ सफल मानावा. असे पाठ रचण्यास इतिहास, भूगोल, वनस्पतिशास्त्र व भाषाशास्त्र यांच्या अभ्यासकांनी एकत्र येणे अवश्य आहे, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधिकांसाठी याहून निकडीचा विषय या भागात क्वचितच सापडेल.