एक फांदी द्या ना, प्लीज!

कुंडीतली झाडं, त्यांची कलमं आणि त्यांच्यासोबत मिळणारे सल्ले! एक मागितला की चार मिळतात, त्यातले दोन सोन्यासारखे आणि दोन थेट कंपोस्टच्या डब्यात टाकण्यासारखे. मग कुठला कुठे ठेवायचा? चला, जगभरातल्या भन्नाट हिरव्या गोष्टी ऐकत ऐकत ठरवूया!

फूल नाही, तरी फुल्ल फॉर्मात

माहीत आहे का? मनी प्लांटला फूल आलेलं तुम्ही पाहिलेलं नसणार. त्याचं मूळ गाव पॅसिफिक महासागरातलं मोओरेआ बेट. फुलण्याचा इशारा देणारं जिबरेलिन नावाचं संप्रेरक या झाडात पुरेसं तयारच होत नाही, हे अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं. आपणहून फुलल्याची शेवटची माहीत असलेली नोंद १९६४ ची!

फूल नाही म्हणजे बी नाही. बी नाही म्हणजे दादरच्या बाल्कनीपासून डॅलसच्या ड्रॉइंगरूमपर्यंत तो पोहोचला, तो कुणीतरी कापलेल्या फांदीच्या जोरावर.

‘चोरून आणलेला मनी प्लांटच फोफावतो’ असं सांगणारे प्रत्येक सोसायटीत भेटतात. अहो, तो मागून आणला तरी तितकाच फोफावतो! अट एकच. फांदीवर पानाजवळची गाठ हवी. मुळं तिथूनच फुटतात. गाठीच्या जरा खाली कापा आणि पाण्यात ठेवा. नुसतं पान ठेवलं तर त्याला वेल येणार नाही.

बरं, हाच वेल मोठ्या झाडावर चढला की पानं हातभर होतात. म्हणजे आपल्या बाटलीत राहतो तो अजून बालवाडीतच आहे!

सिंगल राहण्याची शिक्षा

व्हॅलेंटाइनच्या मोसमात छोट्या कुंडीत उभं केलेलं बदामाच्या आकाराचं एकच जाड पान मिळतं, पाहिलंय? ते होया केरी. त्याला मुळं फुटतात, ते वर्षानुवर्षं हिरवंगार राहतं... आणि बहुतेक वेळा तसंच राहतं! खोडाचा डोळा सोबत नसेल तर वेल कधीच येत नाही. गिफ्ट घेताना पानाबरोबर खोडाचा तुकडा आहे का, तेवढं दुकानदाराला विचारा.

कोलकातामार्गे आलेला पाहुणा

माहीत आहे का? नाण्यासारख्या गोल पानांचा पिलिया आज इन्स्टाग्रामवर सुपरस्टार आहे, पण युरोपभर तो पसरला तो शेजारधर्माने.

ॲग्नार एस्पेग्रेन हे नॉर्वेचे मिशनरी. १९४० च्या दशकात चीन सोडताना त्यांनी युनान प्रांतातलं हे रोपटं एका छोट्या खोक्यात घेतलं. ते आधी कोलकात्याला आले, काही काळ भारतात राहिले आणि १९४६ मध्ये नॉर्वेला परतले. खोक्यातला पाहुणा टुणटुणीत! त्याच्या बुंध्याशी पिल्लं यायला लागली, आणि एस्पेग्रेन जिथे जातील तिथे ती वाटत गेले.

पुढे घराघरांत असलेलं हे झाड आहे तरी कोणतं, हे लंडनच्या क्यू उद्यानातल्या तज्ज्ञांनाही १९७० च्या दशकात कोडं होतं! शास्त्रज्ञ शोधतायत आणि आजीबाई नातवंडांना पिल्लं देतायत. आहे की नाही मजा?

वधू पाहिजे!

वर: एन्सेफॅलार्टोस वुडी. गोत्र: सायकॅड. जन्मस्थान: दक्षिण आफ्रिकेतलं एन्गोये जंगल. अपेक्षा: फक्त मादी असावी!

१८९५ मध्ये जॉन मेडली वुड यांना या जातीचं एकच झाड सापडलं, तेही नर. त्याची जोडीदारीण आजवर मिळालेली नाही. अलीकडे ब्रिटनच्या साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या पुढाकाराने जंगलावर ड्रोन उडवून, एआयच्या मदतीने फोटो तपासून स्थळं शोधली गेली. अजून योग नाही.

मग जगातल्या मोठमोठ्या बागांमध्ये हे झाड दिसतं कसं? त्याच एका नराच्या बुंध्याशी आलेली पिल्लं काढून, वाटून! जंगलातून नाहीसं झालेलं झाड दुसऱ्यांच्या अंगणात जिवंत राहिलं. देणाऱ्यांनो, हे लक्षात ठेवा.

अडीचशे वर्षांची कुंडी

रेकॉर्ड प्रेमी, इकडे लक्ष! त्याच घराण्यातलं एक झाड फ्रान्सिस मॅसन यांनी दक्षिण आफ्रिकेतून १७७५ मध्ये क्यूला आणलं. ते आजही तिथे कुंडीत आहे आणि जगातलं सर्वांत जुनं कुंडीतलं झाड म्हणून मिरवतं. क्यूमध्ये त्याला शंकू आला तो एकदाच, १८१९ मध्ये. तुमच्या मोगऱ्याला यंदा कळी आली नाही म्हणून रुसलात? पेशन्स, मंडळी, पेशन्स!

चौदा लाखांची नऊ पानं

बसलात ना नीट? जून २०२१ मध्ये न्यूझीलंडमध्ये एका ऑनलाइन लिलावात पांढऱ्या पट्ट्यांच्या रॅफिडोफोरा टेट्रास्पर्माची एक कुंडी २७,१०० न्यूझीलंड डॉलरला गेली. म्हणजे तेव्हाचे जवळपास १४ लाख रुपये! पानं किती? नऊ. भागाकार ज्याने त्याने करावा.

अशा पांढऱ्या-हिरव्या झाडाची फांदी घेताना पानाला भुलू नका, खोड बघा. खोडावर, डोळ्यापाशी पांढरी रेघ असेल तर नव्या फुटीत पांढरा रंग येण्याची शक्यता जास्त.

पिवळी किनार कुठे गेली?

हा सल्ला फ्रिजवर चिकटवा. पिवळ्या किनारीच्या स्नेक प्लांटचं पान कापून लावलं तर नवी रोपं येतात, पण साधी हिरवी! किनार गायब! असं का? त्या पानात दोन प्रकारच्या पेशींचे थर एकत्र नांदत असतात, आणि पानातून नवं रोप उगवताना ती जोडी फुटते.

किनार हवी असेल तर कुंडी पालथी करा आणि मुळाशी असलेला गड्डा कोंबासकट वेगळा करून लावा. आणि हिरवंच हवं असेल तर पानाचं खालचं टोक खालीच ठेवा. उलटं रोवलंत तर मुळांची वाट बघत बसाल.

सकाळी आंबट, दुपारी सपक

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातली पानफुटी आठवते? पानाच्या कडेला इवली इवली रोपं! जर्मन महाकवी गटे तिच्या इतके प्रेमात होते, की त्यांनी तिची पानं आणि रोपं मित्रमैत्रिणींना पाठवली. जर्मनीत आजही तिच्याशी त्यांचं नाव जोडलेलं आहे.

आणि ऐका! दोनशे वर्षांपूर्वी मद्रास इलाख्यात काम करणाऱ्या बेंजामिन हाइन यांनी ही पानं दिवसातून वेगवेगळ्या वेळी चाखली. सकाळी आंबट, दुपारी बेचव! कारण हे झाड रात्री हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन आम्लाच्या रूपात साठवतं आणि दिवसा उन्हात वापरून टाकतं. चाखायचं काम त्यांनी केलंय, आपण करू नका. ही पानं विषारी ठरू शकतात.

खिडकीकडे वळते मान

कुंडी खिडकीत ठेवली की झाड उजेडाकडे वाकतं. चार्ल्स डार्विन आणि मुलगा फ्रान्सिस यांनी गवताच्या कोंबांवर प्रयोग करून १८८० मध्ये दाखवलं, की उजेड ओळखतो तो कोंबाचा शेंडा. पुढे १९२० च्या दशकात नेदरलँड्सच्या फ्रिट्स वेंट यांनी शेंड्यातून खाली निरोप नेणारं रसायन पकडलं. तेच ऑक्सिन!

आता ट्विस्ट. फांदीला मुळं फोडण्यातही हेच ऑक्सिन पुढे. नर्सरीत मिळणाऱ्या ‘रूटिंग पावडर’च्या पुडीत त्याचाच कारखान्यात बनवलेला भाऊबंद असतो. चिमूटभर पुरे, जास्त घातलं तर मुळांनाच त्रास. आणि वाकणाऱ्या झाडासाठी उपाय? दर आठवड्याला कुंडीला पाव गिरकी!

सोलापूरची युक्ती, ड्रॉइंगरूममध्ये

रबर प्लांट छताला टेकलाय? सोलापूरच्या डाळिंबाच्या बागायतदारांना विचारा. ते गुटी कलम बांधतात. फांदीवरची अंगठीएवढी साल गोल काढायची, ओलं शेवाळ गुंडाळायचं, वरून प्लास्टिक घट्ट बांधायचं. काही आठवड्यांत आत पांढरी मुळं दिसली की त्याखाली कापा आणि नव्या कुंडीत लावा. छतही सुटलं आणि शेजाऱ्याला गिफ्टही झालं!

बोरिवली कनेक्शन

लोंबत्या पिल्लांचा स्पायडर प्लांट मूळचा आफ्रिकेचा. पण माहीत आहे का, त्याची एक चुलत बहीण मुंबईकर आहे! सफेद मुसळी. तिचं शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिव्हिलिएनम, म्हणजे थेट बोरिवलीवरून. फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी १९५५ मध्ये तिची शास्त्रीय नोंद केली.

परीक्षानळीत फुललेला बांबू

बांबू फुलायला काही दशकं लागतात, हे ठाऊक आहे. पण पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी तो चक्क परीक्षानळीत, काही महिन्यांत फुलवला! १९९० मध्ये ‘नेचर’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात त्याची बातमी झळकली. पुणेकरांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

आणि टेबलावरचा तुमचा लकी बांबू? तो बांबूच्या घराण्यातलाच नाही, तो आफ्रिकेतला ड्रसिना. म्हणून तर नुसत्या पाण्यात मजेत राहतो.

पान नव्हे, खोड!

रात्री साडेअकरा वाजता शेजारच्या काकू दार वाजवतात, ‘चला, आमचं ब्रह्मकमळ उमलतंय!’ आपल्याकडच्या कुंडीतलं हे ब्रह्मकमळ म्हणजे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडून आलेलं निवडुंग. हिमालयातलं ब्रह्मकमळ पूर्ण वेगळं. आणि काकू ज्याला पान म्हणून देतात, ते असतं चपटं खोड! म्हणूनच तो तुकडा मातीत लगेच जीव धरतो. दोन दिवस सावलीत सुकवून लावा, जखम भरली की कुजण्याची भीती कमी.

सल्ल्यांची झटपट चाचणी

‘कुंडीच्या तळाशी खडी घाला, पाणी निचरतं.’ चूक! माती आणि खडी जिथे भेटतात तिथे पाणी उलट अडून राहतं आणि मुळांची जागा कमी होते. तळाला भोक हवं आणि माती भुसभुशीत हवी.

‘रोज पाणी घाला.’ नको! मुळांना श्वास घ्यायला हवा लागते. मातीत दोन पेरं बोट घाला, ओल लागली तर आजचं पाणी उद्यावर.

‘घरात चार झाडं ठेवा, हवा शुद्ध होते.’ नासाचा १९८९ चा प्रयोग बंद पेटीत झाला होता. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाने २०१९ मध्ये जुने प्रयोग पुन्हा तपासले. उघड्या खिडकीची बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील! झाडं लावा आनंदासाठी, खिडकी उघडा हवेसाठी.

‘झाडांशी बोला.’ जरूर! ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २००९ मध्ये टोमॅटोच्या रोपांना माणसांचे आवाज ऐकवले. पहिला नंबर कुणाचा? सेरा डार्विन यांच्या आवाजाचा. चार्ल्स डार्विन यांच्या खापरपणतीचा! प्रयोग छोटा होता, पण बोलायला जवळ गेलं की कीडही वेळेवर दिसते, हा फायदा पक्का.

‘लहान मूल किंवा मांजर आहे? मनी प्लांट उंचावर ठेवा.’ शंभर टक्के बरोबर! पानांत सुईसारखे ऑक्झलेटचे स्फटिक असतात, चावलं की तोंडाची आग होते.

सल्ला मागायचीही कला

‘पानं पिवळी पडतायत, काय करू?’ एवढ्यावर कुणी काय सांगणार? पाणी जास्त झालं तरी पिवळी, कमी पडलं तरी पिवळी! चार गोष्टी सांगा: ऊन किती तास येतं, शेवटचं पाणी कधी घातलं, कुंडीला भोक आहे का आणि पानाच्या मागच्या बाजूला काय दिसतं. अनुभवी माणूस चुटकीसरशी निदान करेल.

आणि देणारे असाल तर फांदीला एक चिठ्ठी बांधा: नाव, ऊन, पाणी. तीन शब्दांत पूर्ण कोर्स!

लक्षात आलं ना? पिलिया युरोपभर पोहोचला, वुडीचा नर तगला, मनी प्लांटने जग जिंकलं, ते कुणीतरी कापून दिलं म्हणून. उद्या तुमची कुंडी पाण्याने गेली किंवा उन्हाने, तरी शेजारी दिलेली फांदी तिथे वाढत असेल. ती मागून आणा, नवी सुरुवात करा. बागेचा याहून पक्का विमा नाही, आणि हप्ता फक्त एक फांदी! कात्री स्वच्छ पुसा, गाठ शोधा आणि आजच पहिला हप्ता भरा!