आभासी जगातून शिक्षण : बिरसीचे सिम्युलेटर आणि गोंदियाचे तलाव

शिक्षणासाठी उभारलेले आभासी जग म्हणजे संगणकावर चालणारी अशी परिस्थिती, जिच्यात शिकणाऱ्याने काही केले की त्याचा परिणाम तिथल्या तिथे दिसतो. चित्रफीत आणि आभासी जग यांतला फरक एवढाच, पण तो मूलभूत आहे. चित्रफीत पाहणाऱ्याच्या हाताला दाद देत नाही, आभासी जग देते. या साधनाचा सर्वांत जुना आणि सर्वांत कडक कसोटीला उतरलेला उपयोग वैमानिकांच्या प्रशिक्षणात झाला. महाराष्ट्रात असे प्रशिक्षण मोजक्याच ठिकाणी मिळते, आणि त्यांपैकी एक ठिकाण गोंदिया जिल्ह्यात आहे.

गोंदिया शहराला लागून असलेल्या मुर्रीपासून बिरसीची धावपट्टी फार लांब नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी बांधलेल्या या हवाई पट्टीचे भारतीय विमानतळ प्राधिकरणाने २००० नंतर रूप पालटले. प्राधिकरण आणि कॅनडातील सीएई ही कंपनी यांनी मिळून येथे राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था उभी केली. १९४७ मध्ये स्थापन झालेली सीएई ही वैमानिकांसाठी सिम्युलेटर, म्हणजे विमान चालवण्याचा आभास देणारी यंत्रे, बनवणाऱ्या जगातील अग्रगण्य कंपन्यांपैकी एक आहे. बिरसीत शिकणारी मुले डायमंड बनावटीच्या डीए-४० आणि डीए-४२ या छोट्या विमानांवर हात बसवतात. भारतात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तासांच्या उड्डाणाचा अनुभव लागतो. त्यात सिम्युलेटरवरचे तास धरले जातात, पण एका ठरावीक मर्यादेपर्यंतच. बाकीचे तास खऱ्या आकाशातच काढावे लागतात.

सिम्युलेटरची सुरुवात वाद्यांच्या कारखान्यात झाली. अमेरिकेतील बिंगहॅम्टन शहरात एडविन लिंक यांच्या वडिलांचा ऑर्गन आणि आपोआप वाजणारे पियानो बनवण्याचा व्यवसाय होता. या वाद्यांत हवा भरणारे भाते आणि झडपा असतात. तेच भाते वापरून लिंक यांनी १९२९ मध्ये विमानासारखी डोलणारी, वळणारी एक पेटी तयार केली. सुरुवातीला तिला गिऱ्हाईक मिळाले ते करमणुकीच्या बागांत. १९३४ च्या फेब्रुवारीत अमेरिकी सैन्याकडे हवाई टपालाचे काम आले. खराब हवेत, केवळ उपकरणांच्या भरवशावर उडण्याचा सराव नसल्याने काही आठवड्यांतच अनेक वैमानिक मृत्युमुखी पडले. तेव्हा सैन्याने लिंक यांच्या सहा पेट्या विकत घेतल्या. पुढे दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक आणि विमानकर्मचारी अशाच पेट्यांत बसून शिकले.

ढगात शिरलेल्या वैमानिकाला इतका धोका का असतो, हे कानाच्या रचनेवरून कळते. आतल्या कानात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळले की त्यांतला द्रव हलतो आणि मेंदूला वळणाची खबर पोहोचते. परंतु विमान एकाच गतीने बराच वेळ वळत राहिले, तर तो द्रवही नलिकेबरोबर फिरू लागतो आणि वळणाची जाणीव नाहीशी होते. विमान पुन्हा सरळ केले की वैमानिकाला वाटते, आपण उलट्या बाजूला कलंडलो. बाहेर क्षितिज दिसत असेल तर डोळे ही चूक सुधारतात. ढगात किंवा अंधारात ती सोय नसते. अशा वेळी शरीर जे सांगते ते बाजूला ठेवून समोरच्या तबकड्यांवर विश्वास ठेवायचा असतो. पुस्तक वाचून हे समजते, पण अंगवळणी पडत नाही; त्यासाठी पुन्हा पुन्हा त्या अवस्थेत जावे लागते.

मोठ्या प्रवासी विमानांचे सिम्युलेटर तर कानाच्या याच उणिवेचा उपयोग करून घेतात. विमानाच्या कॉकपिटची हुबेहूब प्रतिकृती सहा लांबणाऱ्या-आखूड होणाऱ्या पायांवर उभी असते. खोलीत जागा मर्यादित, त्यामुळे विमान धावपट्टीवर वेग घेते तसे तिला खरोखर पुढे पळवता येत नाही. म्हणून ती हळूहळू मागे कलवली जाते, तेही कानाला कळणार नाही इतक्या संथपणे. समोरच्या पडद्यावर मात्र धावपट्टी सपाटच दिसत राहते. पाठ आसनात रुतते आणि गुरुत्वाकर्षणाच्या त्या ओढीला मेंदू वेग समजतो. आकाशात जो भ्रम जीव घेऊ शकतो, तोच येथे शिकवणीला लावलेला असतो.

तरीही सिम्युलेटरमधला सर्वांत मोलाचा भाग हे पाय नव्हेत. प्रशिक्षकापुढचा नियंत्रण-फलक हा तो भाग. प्रशिक्षक एक इंजिन बंद पाडू शकतो, वारा आडवा वळवू शकतो, दृश्यमानता कमी करू शकतो. चूक होताच तो विमान हवेतच थांबवतो, काय घडले ते विचारतो आणि तोच प्रसंग पुन्हा घ्यायला लावतो. खऱ्या विमानात हे अशक्य असते. सराव संपल्यावर टेबलाशी बसून होणारी चर्चाही प्रशिक्षणाचाच भाग मानली जाते. प्रशिक्षकाशिवाय सिम्युलेटर हा महागडा खेळच ठरेल.

या सरावामागे किती गंभीर कारण आहे, याची जाणीव गोंदियाकरांना आहे. २०१७ मध्ये बिरसीहून उडालेले प्रशिक्षण विमान वैनगंगेच्या परिसरात कोसळले. १८ मार्च २०२३ रोजी दुसरे एक विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातील डोंगराळ भागात पडले. दोन्ही वेळा प्रशिक्षक आणि शिकणारा, दोघांचाही मृत्यू झाला. यंत्रावरचा सराव आकाशातला धोका कमी करू शकतो. नाहीसा करू शकत नाही.

शाळेत जिवाला असा धोका नसतो. मग आभासी जग तेथे कशासाठी? एक उत्तर असे : जे डोळ्यांना दिसत नाही ते दाखवण्यासाठी. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये ‘फेट’ हा उपक्रम सुरू केला. त्यातल्या विद्युतमंडलाच्या प्रयोगात तारांमधून सरकणारे इलेक्ट्रॉन दिसतात. बॅटरीची दोन टोके नुसत्या तारेने जोडली की पडद्यावर ज्वाळा उठतात. २००५ मध्ये त्याच विद्यापीठातील संशोधकांनी एक तुलना प्रसिद्ध केली. काही विद्यार्थ्यांनी खऱ्या तारा व दिवे हाताळले होते, काहींनी फक्त हा संगणकीय प्रयोग केला होता. नंतर दोघांना खरे मंडल जोडायला दिले, तेव्हा संगणकावर शिकलेले विद्यार्थी सरस ठरले. संकल्पनांवरच्या प्रश्नांतही तेच पुढे होते. खऱ्या तारेत सैल जोड आणि गंजलेले टोक यांतच मुलांचा वेळ जातो. पडद्यावर लक्ष थेट विद्युतप्रवाहाकडे जाते.

यावरून जितके अधिक आभासी तितके अधिक शिक्षण, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. कोपनहेगनमधील मानसशास्त्रज्ञ ग्विडो माक्रान्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये विद्यापीठातील ५२ विद्यार्थ्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. जीवशास्त्राची एकच आभासी प्रयोगशाळा एकदा साध्या संगणकावर आणि एकदा डोळ्यांवर चढवण्याच्या व्हीआर संचातून दाखवली गेली. संच लावल्यावर आपण खरोखर तेथे आहोत असे विद्यार्थ्यांना अधिक वाटले, पण ते शिकले कमी. चहूबाजूंचे दृश्य सांभाळण्यातच मेंदूची शक्ती खर्च झाली. शाळांसाठी व्हीआर संचांची खरेदी ठरवणाऱ्यांनी हा निष्कर्ष आधी वाचायला हवा.

गोंदियाच्या दृष्टीने सर्वांत जवळचे उदाहरण हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘इकोम्यूव्ह’चे आहे. ख्रिस डीड आणि सहकाऱ्यांनी शाळकरी मुलांसाठी संगणकावर एक तळे उभे केले. मुले त्याच्या काठाने फिरतात, पाण्यातला ऑक्सिजन, गढूळपणा, फॉस्फेट मोजतात, तेथील लोकांशी बोलतात. एके दिवशी तळ्यातले मोठे मासे मेलेले दिसतात. कोणी पाण्याची रसायने तपासतो, कोणी सूक्ष्मजीव पाहतो, कोणी माणसांकडे चौकशी करतो. मुले मागच्या तारखांना परत जाऊन नोंदी पडताळतात. हळूहळू साखळी उलगडते : पावसाने खत वाहून आले, शेवाळ माजले, ते मेले, कुजताना जिवाणूंनी ऑक्सिजन संपवला, मासे गुदमरले. उत्तर कोणी सांगत नाही. ते पुराव्यांतून जुळवावे लागते.

भंडारा-गोंदियाच्या मुलाला हे तळे परके वाटायचे कारण नाही. कोहळी समाजाच्या कसबाने बांधलेले मालगुजारी तलाव, त्यांच्या पाण्यावरची धानशेती, बांधीतून वाहणारे खत, ढिवरांची मासेमारी आणि सारसांची घरटी ही सगळी साखळी त्याच्या जिल्ह्यात जिवंत आहे. महाराष्ट्रातले बहुतेक सारस पक्षी गोंदिया जिल्ह्यातच टिकून आहेत. वर्षभरात पाणी कधी चढते, गाळ किती साठतो, बांधीतले खत कुठे जाते, हे एका तासिकेत पाहण्यासाठी आभासी मालगुजारी तलाव फार उपयोगी पडेल. मात्र त्यानंतर मुलांना खऱ्या तलावावर नेलेच पाहिजे. हार्वर्डच्या गटानेही पुढे ‘इकोमोबाइल’ या प्रकल्पात मुलांना हातात फोन आणि मोजमापाची उपकरणे देऊन खऱ्या तळ्यावर नेले. बिरसीत सिम्युलेटरनंतर आकाश येते, तसाच हा क्रम आहे.

महाराष्ट्रात या दिशेने पावले पडली आहेत. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि पडद्यावरून मुलांना दूरच्या देशांच्या सहली घडवल्या. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला. २०२५ मध्ये नागपूरजवळच्या वडधामना येथील अंगणवाडीत व्हीआर संच आले. इतक्या लहान वयात ते वापरताना सावधगिरी हवी. या संचात डोळ्यांना पडदा जवळ आणि दृश्य दूर असा ताण सोसावा लागतो, अनेकांना मळमळते, आणि उत्पादक स्वतःच लहान मुलांसाठी वयाची अट घालतात. शिवाय परक्या सेवेवर सगळा भार टाकण्यातही जोखीम आहे. २०१५ मध्ये सुरू झालेली गुगलची ‘एक्सपिडिशन्स’ ही आभासी सहलींची सेवा २०२१ मध्ये बंद झाली, आणि तिच्यावर पाठ बेतलेल्या शिक्षकांना दुसरी वाट शोधावी लागली.

भाषेचा प्रश्न याहून मोठा आहे. गोंदिया जिल्ह्यात अनेक घरांत पोवारी, गोंडी किंवा हिंदी बोलली जाते, शाळेत मराठी असते आणि बहुतेक आभासी साहित्य इंग्रजीत. इंग्रजी सूचना वाचण्यात अडकलेले मूल प्रयोगापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून महागड्या संचांपेक्षा मराठीतल्या साध्या प्रयोगांची गरज आधी आहे, आणि तसे काही आजही हाताशी आहेत. अमृता विश्व विद्यापीठम् आणि मुंबईच्या सी-डॅकने तयार केलेल्या ‘ओलॅब्ज’मध्ये नववी ते बारावीचे विज्ञानाचे प्रयोग आहेत, त्यांतले काही मराठीतूनही करता येतात, आणि ‘फेट’च्या अनेक प्रयोगांचे मराठी रूपांतर झाले आहे. दोन्हींना शुल्क नाही. मुर्रीसारख्या गावातील विज्ञानशिक्षकाने एक संगणक आणि एक प्रोजेक्टर घेऊन विद्युतमंडलाच्या पाठापासून सुरुवात करावी, आणि त्याच आठवड्यात मुलांच्या हाती खरी तार, खरा दिवा द्यावा.