गिऱ्हाईक 'उस्मानाबाद' टाइप करतंय, तुमच्या दुकानात फक्त 'धाराशिव' लिहिलंय!

मागच्या व्हिडिओत आपण ऑनलाइन दुकान उघडलं, फोटो चढवले, पेमेंट जोडलं. त्यानंतरचा प्रश्न ठरलेला असतो: "सर, दुकान झालं, पण येतंय कोण?" ओळखीचे दहा जण लिंक उघडतात, दोघं माल घेतात आणि मग शुकशुकाट. मग माणूस जाहिरातीला पैसे घालतो. जाहिरात बंद केली की गिऱ्हाईक पण बंद. किलोमागे जे चार पैसे सुटतात ते तिकडेच गेले, तर त्यापेक्षा खवा व्यापाऱ्याला घातलेला काय वाईट?

म्हणून आज जाहिरातीशिवाय गूगलवर कसं दिसायचं ते बघू. उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं घेऊ. समजा, तुम्ही भूम-वाशी भागातले आहात आणि कुंथलगिरीचा पेढा ऑनलाइन विकताय.

सरमकुंडी फाट्यावर गाडी का थांबते? पाटी दिसते म्हणून. गूगलवर तुमच्या वस्तूचं नाव हीच तुमची पाटी. आणि आपण पाटीवर काय लिहितो? 'स्पेशल पेढा'. नाहीतर 'प्रीमियम क्वालिटी स्वीट'. आता मला सांगा, पुण्यात बसलेला माणूस गूगलवर 'स्पेशल पेढा' टाकेल का? तो टाकणार 'कुंथलगिरी पेढा ऑनलाइन', नाहीतर 'उस्मानाबादचा पेढा'. त्यामुळे नाव असं ठेवा: 'कुंथलगिरी खव्याचा पेढा, ५०० ग्रॅम, धाराशिव (उस्मानाबाद)'. महत्त्वाचे शब्द आधी. नाव लांबलं तर गूगल ते मधेच कापतं, म्हणून 'शुद्ध, चविष्ट, घरगुती' ही विशेषणं पुढे लावून जागा घालवू नका.

दोन्ही नावं का, ते सांगतो. २०२३ मध्ये आधी शहराचं आणि मग जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे धाराशिव झालं. सरकारी कागद बदलले, पाट्या बदलल्या. पण लोकांच्या बोटांची सवय एका दिवसात बदलत नाही. मुंबईला नोकरीला गेलेला आपलाच माणूस आजही मोबाइलवर उस्मानाबाद टाइप करतो. शेळीची जात तर आजही 'उस्मानाबादी' याच नावाने विकली जाते. शेळीपालनवाल्यांनी तिथं धाराशिव लिहिलं तर शोधणाऱ्याला कळायचंही नाही. पत्ता आणि बिलावर अधिकृत नाव हवंच, पण वर्णनात जुनं नाव एकदा तरी येऊ द्या. नावाबद्दल तुमचं मत काहीही असो, इथं प्रश्न गिऱ्हाइकाच्या बोटांचा आहे.

तीच गोष्ट स्पेलिंगची. बरेच लोक मराठी शब्दसुद्धा इंग्रजी अक्षरांत टाइप करतात. 'कुंथलगिरी' मधला 'थ' कुणी नुसत्या 'टी'ने लिहितो, कुणी 'टीएच'ने. खवा 'व्ही'ने की 'डब्ल्यू'ने? पेढा 'डी'ने की 'डीएच'ने? शिवाय हिंदी भाषिक माणूस खव्याला मावा म्हणतो, कुणी खोया म्हणतो. गूगल यातल्या बऱ्याच गोष्टी समजून घेतं, पण तुमच्या स्वतःच्या दुकानातला शोधाचा चौकोन तितका हुशार असेलच असं नाही. म्हणून नाव मराठीत आणि इंग्रजी अक्षरांत, दोन्ही लिपींत द्या आणि एक-दोन पर्यायी शब्द वर्णनाच्या वाक्यांत सहज येऊ द्या.

लोक नेमकं काय टाइप करतात ते शोधायला पैसे लागत नाहीत. गूगलमध्ये 'कुंथलगिरी' एवढंच लिहा आणि थांबा. खाली जी यादी उघडते ते लोकांचे शब्द. 'गूगल ट्रेंड्स'वर उस्मानाबाद आणि धाराशिव शेजारी-शेजारी ठेवून बघा. आणि तुमच्या व्हॉट्सॲपवर गिऱ्हाइकांनी विचारलेले शेवटचे वीस प्रश्न काढा. 'किती दिवस टिकतो?', 'साखर कमी आहे का?', 'पुण्याला पोचायला किती दिवस?' याची उत्तरं म्हणजेच तुमचं वर्णन. ठोक विक्रेत्याचं किंवा दुसऱ्या दुकानाचं वर्णन उचलून चिकटवू नका. दहा ठिकाणी तोच मजकूर असेल तर गूगलने तुमचंच पान का पुढे काढावं?

एक फसवणूक मात्र टाळा. 'आम्ही कीवर्ड भरून देतो' म्हणत पैसे मागणारे भेटतील. पानाच्या आत दडलेल्या 'मेटा कीवर्ड्स'कडे आपण क्रमवारीसाठी बघत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलंय. पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत शब्द लपवणं हे तर त्यांच्या नियमांविरुद्ध आहे; पान शोधातून बाहेरही जाऊ शकतं.

फोटोचं नाव मोबाइलने दिलेल्या आकड्यांचं राहू देऊ नका, 'कुंथलगिरी पेढा ५०० ग्रॅम' असं करा. 'ऑल्ट टेक्स्ट'च्या रकान्यात फोटोत काय दिसतंय ते एका ओळीत लिहा. दुकान शॉपिफाय किंवा वू-कॉमर्सवर असेल तर 'गूगल मर्चंट सेंटर'ला जोडा. तिथं फुकट यादीतही माल दिसू शकतो.

आता जरा नाजूक विषय. कुंथलगिरी खव्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय मिळालं. त्यामुळे हे नाव शोधात चालतं म्हणून कुठल्याही खव्याला चिकटवायचं नाही. खवा त्या भागातला हवा, आणि जीआयचं चिन्ह लावायचं असेल तर 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून रीतसर नोंदणी करावी लागते. भट्टी तुमची आहे, दूध तिथलंच आहे, तर नोंदणीची चौकशी आजच करा.

अजून एक चूक खूप जण करतात. माल संपला की पानच उडवतात! त्या पानाने कमावलेली जागा त्याच्यासोबत जाते. पान राहू द्या, 'सध्या शिल्लक नाही, पुढची खेप अमुक तारखेला' असं लिहा.

हे सगळं झालं की 'सर्च कन्सोल' जोडा, तेही फुकट आहे. तुमचं पान कुठल्या शब्दावर किती वेळा दिसलं आणि किती जणांनी उघडलं, ते तिथं कळतं. सोळा महिन्यांपर्यंतची माहिती राहते, म्हणजे या दिवाळीची मागच्या दिवाळीशी तुलना करता येते. पान खूपदा दिसतंय पण उघडत कुणी नाही, असं असेल तर आधी नाव बदलून बघा. रोज उठून आकडे बघू नका हो, एकदा बदल केला की तीन-चार आठवडे जाऊ द्या.