नकाशात नाही, नवी मुंबईत आहे!

नेरूळ-सीवूड्सच्या किनाऱ्याजवळ, पनवेल खाडीच्या तोंडाशी एक अदृश्य बिंदू आहे. १९ अंश उत्तर, ७३ अंश पूर्व. मिनिटं शून्य, सेकंद शून्य! ७३चं रेखावृत्त वाशीतून खाली येतं, १९चं अक्षवृत्त पनवेलच्या बाजूने सरकत येतं आणि दोघांची इथे गाठ पडते. तिथे फलक नाही, दगड नाही. पण भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या पद्धतीचे चार नकाशे नेमके या बिंदूवर कोपऱ्याला कोपरा भिडवून उभे आहेत : ४७ ए/१६, ४७ बी/१३, ४७ ई/४ आणि ४७ एफ/१. म्हणजे नवी मुंबई आख्खी पाहायची तर एका नकाशावर भागत नाही. कोपरखैरणे एकात, पनवेल दुसऱ्यात, उरणचा किनारा तिसऱ्यात.

आणि हे नकाशे सामान्य माणसाला बरीच वर्षं सहज मिळतच नव्हते. सीमा आणि समुद्रकिनारा यांच्यालगतच्या सुमारे ८० किलोमीटरच्या पट्ट्यातले तपशीलवार नकाशे संरक्षणाच्या कारणाने ‘प्रतिबंधित’ असत. नवी मुंबई पूर्णपणे त्या पट्ट्यात! २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षण दलांसाठी एक आणि जनतेसाठी एक अशा दोन मालिका केल्या, तेव्हा दार उघडलं. जनतेच्या मालिकेतले नकाशे २०१७पासून इंटरनेटवर फुकट उतरवून घेता येतात. लष्करी ठिकाणं मात्र त्यात आजही नसतात.

शहर आधी कागदावर

बहुतेक शहरं आधी वसतात आणि मग त्यांचा नकाशा निघतो. इथे उलटं झालं. १९६५मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकाच्या विशेषांकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या जुळ्या शहराची कल्पना मांडली. ते उभारण्यासाठी १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. ३४४ चौरस किलोमीटरचं क्षेत्र रंगवलं गेलं. त्या रंगाखाली ९५ गावं होती. कोरी जागा नव्हतीच. भातशेती होती, मिठागरं होती, खाजणं होती, आगरी-कोळ्यांची घरं होती.

प्रत्येक बांध आहे, एकही घर नाही

मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटतो तो गावनकाशा. १८३५-३६च्या सुमारास विंगेट आणि गोल्डस्मिड या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात जी मोजणीची पद्धत बसवली, ती पुढे मुंबई इलाख्यात पसरली. मोजणीचा हेतू एकच : शेतसारा. त्यामुळे ज्या जमिनीवर सारा बसतो तिचा प्रत्येक तुकडा मोजला गेला. सर्व्हे नंबर, बांध, ओढा, वाट, सगळं काटेकोर आलं. गावठाणावर शेतसारा नव्हता. म्हणून तिथे नुसती बाह्यरेषा काढली आणि आत काहीच नाही! देऊळ नाही, विहीर नाही, गल्ली नाही. माणसं जिथे राहत होती नेमका तोच भाग कोरा राहिला.

पुढे मोठ्या गावठाणांची नगर भूमापनात मोजणी झाली, पण देशभरातली असंख्य लहान गावठाणं तशीच राहिली. ही पोकळी भरण्यासाठी केंद्र सरकारला २४ एप्रिल २०२० रोजी ‘स्वामित्व’ योजना आणावी लागली. त्यात ड्रोन उडवून घरं मोजतात.

नवी मुंबईत या कोऱ्या जागेचे परिणाम जाणवतात. घराची हद्द कागदावर नसेल, तर कुटुंब वाढल्यावर शेजारी बांधलेलं घर नियमित की अनधिकृत, हा वाद मिटवायचा कशाच्या आधारावर? गावठाण विस्ताराचा प्रश्न इथे इतका काळ का धुमसतो आहे, ते जुना गावनकाशा समोर ठेवला की पटकन कळतं.

मोजणीची गंमत पाहा. भूकरमापकाची शंकू साखळी ३३ फुटांची, तिचे भाग १६, आणि भागाला नाव ‘आणा’. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, अर्थात १,०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एकर. नवी मुंबईत आज जमिनीचे भाव चौरस मीटरमध्ये बोलले जातात, पण गावात बोलणं अजून गुंठ्यातच चालतं. शहरासाठी संपादित झालेल्या याच गुंठ्यांच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-दास्तान फाटा परिसरातल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली.

समुद्र नेमका किती उंच?

साधा प्रश्न, पण दोन नकाशे दोन उत्तरं देतात. रेल्वे स्थानकाच्या पाटीवरची उंची सरासरी समुद्रसपाटीपासून मोजतात. त्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जी नऊ बंदरं निवडली, त्यात मुंबईचं अपोलो बंदर होतं. सागरी नकाशातली खोली मात्र ओहोटीच्या खालच्या पातळीपासून धरतात, म्हणजे खडकावर जहाज आपटायची भीती कमी. मुंबईत या दोन शून्यांमध्ये सुमारे अडीच मीटरचा फरक आहे! पावसाळ्यात ‘आज ४.८ मीटरची भरती’ अशी बातमी येते, ती या खालच्या शून्यापासून मोजलेली असते.

आता ठाण्याच्या खाडीतला चिखल घ्या. ओहोटीला जमीन, भरतीला पाणी. जमिनीच्या नकाशावर तो पाण्यात जातो. सागरी नकाशावर त्याला वेगळा हिरवा रंग असतो आणि तो पाण्याबाहेर किती उघडा पडतो, हे अधोरेखित आकड्यांनी लिहितात. फ्लेमिंगो नेमके याच पट्ट्यात चरतात. २०२२मध्ये या खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. या जलपक्ष्यांचं घर दिवसातून दोनदा नाहीसं होतं आणि दोनदा परत येतं. एकदाच छापलेल्या कागदावर ते बसवायचं कसं?

(आणखी एक : जमिनीचे नकाशे करणारा सर्वेक्षण विभाग आणि सागरी नकाशे करणारं नौदलाचं जलसर्वेक्षण कार्यालय, दोघांचंही मुख्यालय डेहराडूनला. समुद्राचा नकाशा हिमालयाच्या पायथ्याशी तयार होतो!)

सिडकोच्या आखणीत भरतीला उत्तर म्हणून धारण तलाव आले. पावसाचं पाणी तलावात साठवायचं, भरतीला झडपा बंद, ओहोटीला उघड्या. ही रीत डच लोकांकडून घेतली. पण शहराच्या जन्माआधीपासून इथले शेतकरी खाजणाचे बांध घालून, उघाडीच्या फळ्या लावून खारं पाणी असंच बाहेर रोखत आले होते.

टेकडी वजा, नदी हलवली

दक्षिण पॅसिफिकमध्ये ‘सँडी बेट’ शतकभर नकाशांवर होतं. २०१२मध्ये ऑस्ट्रेलियाचं संशोधन जहाज तिथे पोचलं तर खाली हजार मीटरहून खोल समुद्र! बेट कधी नव्हतंच.

उलव्यात याच्या नेमकं उलट घडलं आहे. जुन्या नकाशात समोच्च रेषांचे दाट वळसे दिसतात, ती उलव्याची टेकडी. उंची ९०च्या आसपास मीटर. नवी मुंबईच्या विमानतळासाठी ती सपाट केली आणि उलवे नदीचा प्रवाह वळवला. कोल्ही, कोपर, चिंचपाडा, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, वाघिवली अशी दहा गावं उठली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचं उद्घाटन झालं. रेषा जुन्या नकाशात तशाच आहेत, त्यांनी दाखवलेला डोंगर नाही. जुना नकाशा जपून ठेवायला याहून चांगलं कारण मला सुचत नाही.

जाता जाता : हा विमानतळ नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत नाही. १ जानेवारी १९९२ रोजी झालेली ही महापालिका ठाणे जिल्ह्यात, विमानतळ रायगडच्या पनवेल तालुक्यात. खारघरही २०१६पासून पनवेल महापालिकेत. आणि ज्या घारापुरीला जग मुंबईचं बेट समजतं, तीही रायगडच्या उरण तालुक्यातली ग्रामपंचायत.

नावं पुन्हा लिहिली गेली

शिरवणे, कुकशेत, सारसोळे, दारावे, करावे. नेरूळ नोडच्या सेक्टरांच्या आकड्यांमध्ये ही गावं दडलेली आहेत. ‘सीवूड्स’ हे नाव एका वसाहतीबरोबर आलं आणि स्थानकालाही चिकटलं. ग्रामस्थांनी आपलं नाव मागितलं. म्हणून आज पाटीवर सीवूड्स-दारावे-करावे असं लांबलचक, पण खरं नाव आहे. जुई गावाने तर जुईनगर स्थानकाला आपलं नाव सहज देऊन टाकलं.

सर्वांत दूरवर गेलेलं नाव आहे न्हावा शेवा. १९८९मध्ये सुरू झालेल्या बंदराचं अधिकृत नाव जवाहरलाल नेहरू यांच्यावरून, पण जगभरच्या जहाज कंपन्यांच्या कागदांवर ‘न्हावा शेवा’च छापलं जातं. हॅम्बुर्ग असो की शांघाय, कंटेनरच्या पावतीवर रायगड जिल्ह्यातल्या दोन गावांची नावं असतात. त्यातल्या शेवा कोळीवाड्याला बंदरासाठी जागा सोडावी लागली. त्याचे रहिवासी उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात वसवले गेले. तिथली घरं वाळवीने पोखरली, आणि दुसऱ्यांदा नीट पुनर्वसन व्हावं म्हणून ते वर्षानुवर्षं सरकारदरबारी खेटे घालत आले आहेत.