दिवाळीचा किल्ला : मुलांनीच करायचा प्रकल्प



दिवाळीची सुट्टी लागली की सातारा-सांगलीकडची पोरं माती, दगड, विटा आणि गोणपाट गोळा करायला लागतात. अंगणात, सोसायटीच्या बागेच्या कोपऱ्यात किल्ले उभे राहतात. आता बाजारात प्लास्टर ऑफ पॅरिसचे तयार किल्लेही मिळतात. काही ठिकाणी स्पर्धेसाठी मोठी माणसंच किल्ला बांधतात आणि मुलं नुसती बघत राहतात. किल्ला देखणा होतो, पण मुलांचं शिकणं राहून जातं.

आधी किल्ला निवडा

'कुठलातरी किल्ला' करू नका, एक नक्की ठरवा. सातारकरांना अजिंक्यतारा समोरच दिसतो. प्रतापगडही आपल्याच जिल्ह्यात. शिवरायांच्या आज्ञेने मोरोपंत पिंगळ्यांनी तो 1656 च्या सुमारास बांधून घेतला. 10 नोव्हेंबर 1659 ला त्याच्याच पायथ्याशी अफझलखानाचा प्रसंग घडला. 2025 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या 12 किल्ल्यांत प्रतापगड आहे. सांगलीत गणेशदुर्ग आणि मिरजेचा किल्ला, दोन्ही भुईकोट. म्हणजे सपाट जमिनीवरचे. त्यांना डोंगराचा आधार नाही, म्हणून भोवती खंदक. मुलांना विचारा, "डोंगरावरच्या किल्ल्याला असा खंदक का लागत नाही?" उत्तर त्यांनाच शोधू द्या. चौथीच्या परिसर अभ्यासात शिवचरित्र आहेच, त्याला हे छान जोडता येतं.

बांधताना काय शिकतात?

* माती : कृष्णाकाठची काळी माती वाळली की आकसते, तिला भेगा पडतात. नुसती काळी, नुसती तांबडी आणि वाळू मिसळलेली काळी, असे तीन गोळे वाळवून मुलांनाच फरक बघू द्या.
* उतार : माती सरळ उभी रचली की ढासळते. खाली दगड-विटा, वर चिखलात भिजवलेलं गोणपाट, त्यावर मातीचा लेप. पाया रुंद का लागतो, ते हाताला कळतं.
* प्रमाण : मावळा चार इंचांचा आणि तटबंदी दोन इंचांची, असं बऱ्याचदा होतं. चुकलं म्हणून लगेच सांगू नका. "हा मावळा दरवाज्यातून आत जाईल का?" एवढंच विचारा. पट्टी ती स्वतःच घेऊन येतील.
* बी : अळीव किंवा मोहरी पेरली की काही दिवसांत हिरवळ येते. रोज उंची मोजून वहीत लिहायची. सावलीतली रोपं उन्हातल्यांपेक्षा उंच पण फिकी का, हेही विचारायचं.

मोठ्यांनी काय करायचं?

जड दगड उचलून द्या, फुटकी काच आणि खिळे बाजूला करा, जुने फोटो किंवा नकाशा आणून द्या. बाकी हात मागे. बुरूज वाकडा झाला तरी चालेल. पाहुणे आले की गडाची माहिती मुलांनाच सांगू द्या. एरवी वर्गात तोंड न उघडणारं मूलही स्वतः बांधलेल्या दरवाज्याबद्दल बोलायला लागतं.

दिवाळीनंतर

बऱ्याच घरी किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवतात. मोडतानाही मुलांना सोबत घ्या. माती कुंड्यांत किंवा बागेच्या वाफ्यात, दगड-विटा जागच्या जागी, चित्रं पुसून खोक्यात. तयार किल्ला फुटला की मात्र कचराच होतो, त्यातून झाड उगवत नाही.

सुट्टीनंतर निबंध लिहून घेण्याऐवजी एकच प्रश्न द्या : "तुमच्या किल्ल्यात काय ढासळलं आणि तुम्ही ते कसं सावरलं?" वह्या वाचताना मजा येईल.