खेळण्यांतल्या आगगाड्यांचा बाजार

बारामती-इंदापूरकडील माणसास बाजार म्हणजे काय हें समजावून सांगण्याची जरूर नाहीं. आठवड्याचा बाजार, गुळाचा बाजार, जनावरांचा बाजार हे सारे त्याच्या अंगवळणीं पडलेले असतात. परंतु जेथें विकणारे आणि विकत घेणारे बहुतेक साठी उलटलेले, माल मात्र सारा मुलांच्या खेळण्यांचा, आणि दुकानदारच मधून मधून आपलें टेबल शेजाऱ्याच्या भरंवशावर टाकून दुसऱ्याच्या टेबलाशीं गिऱ्हाईक होऊन उभा राहतो, असा बाजार आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांनीं पाहिला असेल. युरोप-अमेरिकेंत लहान आगगाड्यांच्या शोकिनांचे असे बाजार भरतात. आमचा एक पुतण्या नोकरीनिमित्त पेनसिल्व्हेनियांत असल्यामुळें आम्हांस तो दोनदां पाहावयास मिळाला, प्रथम २०१५ सालीं व पुन्हां २०२३ सालीं.

जागा एका खेड्यांतील आगीच्या बंबवाल्यांचें सभागृह. ज्याला माल मांडावयाचा असेल त्यानें टेबलाचें भाडें भरावयाचें, पाहणाऱ्यानें दाराशीं थोडी फी द्यावयाची. दार उघडण्याची वेळ छापलेली असते, पण खरा व्यवहार त्यापूर्वींच, टेबलें मांडतां मांडतां, दुकानदारांचा दुकानदारांशीं होऊन जातो. हें आपल्याकडील भाजीच्या लिलावासारखेंच झालें! टेबलावर चकचकीत इंजिनें व डबे, आणि टेबलाखालीं मोडक्या सामानाचें खोकें. जाणता मनुष्य आधीं खालीं वाकतो. तुटकें चाक, एखादा दिवा, डब्याचें सुटें छत, जें कोणत्याही दुकानांत मिळावयाचें नाहीं तें त्या खोक्यांत सांपडतें. एका कोपऱ्यांत रुळांचा तुकडा विजेस जोडून ठेवलेला असतो. घेण्यापूर्वीं इंजिन त्यावर चालवून पाहावें. पुतण्याच्या शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनीं आम्हांस शिकविलें कीं, डबा हातीं आला कीं तो प्रथम उलटा करावा. वरचा रंग लबाडी करूं शकतो, पण गाडी किती धांवली हें चाकांच्या झिजेवरून लपत नाहीं. मूळचें पुठ्ठ्याचें खोकें शाबूत असेल तर किंमत बरीच वाढते. म्हणजे ज्या मुलानें खोकें फाडून लगेच खेळावयास सुरुवात केली त्याचें खेळणें स्वस्त, आणि ज्यास तें खेळूं दिलें गेलें नाहीं त्याचें महाग. हा न्याय आम्हांस कांहीं रुचला नाहीं.

पहिल्या खेपेस टेबलांमधून वाट काढणें कठीण होतें. आठ वर्षांनीं गेलों तेव्हां सभागृहाचा एक भाग पडदा ओढून बंद केलेला होता आणि उरलेल्या टेबलांपैकीं कांहींवर नुसतीच पांढरी चादर होती. त्या वृद्ध गृहस्थांचें टेबल होतें, पण त्यामागें त्यांची मुलगी बसली होती. वडील वारले होते, आणि चाळीस वर्षांचा संग्रह ती विकावयास घेऊन आली होती. कोणता डबा कशाचा याची माहिती तिला नव्हती. वडिलांनीं एका वहींत सर्व टिपून ठेवलें होतें, म्हणून बरें. ती वही ती प्रत्येक गिऱ्हाइकापुढें उघडून धरी.

असें कां व्हावें? या छंदाचा इतिहास पाहिला म्हणजे कारण ध्यानांत येतें. जर्मनींतील मेर्क्लिन कंपनीनें १८९१ सालीं ठराविक मापाच्या रुळांवर चालणाऱ्या गाड्या लाइपझिगच्या जत्रेंत मांडल्या. तेव्हांपासून हें खेळणें सुटें न राहतां पुढें वाढवीत नेतां येऊं लागलें. अमेरिकेंत १९०० सालीं लायोनेल कंपनी निघाली, आणि इंग्लंडांत फ्रँक हॉर्नबी यांच्या कारखान्यानें १९२० सालीं किल्लीच्या गाड्या बाजारांत आणल्या. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत तिकडील मुलांस नाताळांत आगगाडी मिळावी हें जवळजवळ ठरूनच गेलें होतें. तीं मुलें मोठीं झालीं, हातीं पैसा खेळूं लागला, आणि बालपणीं जें मिळालें किंवा मिळतां मिळतां राहिलें तें शोधावयास निघालीं. १९५४ सालीं पेनसिल्व्हेनियांतच आगगाड्या जमविणाऱ्यांची एक मोठी संस्था निघाली. तिच्या पूर्व विभागाचा यॉर्क येथील वर्षांतून दोनदां भरणारा मेळा या शोकिनांस पंढरीच्या वारीसारखा. तेथेंही पूर्वीची दाटी आतां राहिली नाहीं.

पहिलें कारण वयाचें. जमविणारी पिढी जात चालली. तिचे संग्रह एकदम बाजारांत येतात, घेणारे थोडे, म्हणून सामान्य मालाचे भाव उतरतात. दुसरें कारण घरबसल्या संगणकावरून चालणारे लिलाव. १९९५ सालीं ईबे निघाल्यापासून ज्या डब्यासाठीं दहा गांवें पालथीं घालावयाचीं तो शोधावयास दहा पळेंही लागत नाहींत. २०२० सालच्या साथींत मेळे बंद राहिले तेव्हां उरलेल्यांसही ही संवय लागली. माल असा सुखानें मिळतो हें खरें. पण डबा उलटा करून पाहावा हें शिकविणारा म्हातारा त्या लिलावांत कोठें भेटणार?

मात्र लोकांस लहान आगगाडी आवडेनाशी झाली असें म्हणतां यावयाचें नाहीं. हांबुर्ग येथें २००१ सालीं सुरू झालेलें लहान आगगाड्यांचें प्रचंड प्रदर्शन पाहण्यास दरसाल लाखों लोक जातात. उलट इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथें वॉर्ली येथील मंडळ दरवर्षीं जें मोठें प्रदर्शन भरवीत असे तें २०२३ च्या नोव्हेंबरांत शेवटचें झालें. त्याचें कारण प्रेक्षक आटले हें नव्हतें, तर राबणारे स्वयंसेवक वयस्क झाले आणि त्यांची जागा घेणारे मिळेनात. पाहणारे पुष्कळ आणि करणारे थोडे, ही अवस्था आपल्याकडील गणेशोत्सवाच्या कार्यकर्त्यांसही ओळखीची वाटेल.

आपल्याकडे असले बाजार रुजले नाहींत, कारण मालच थोडा. स्वातंत्र्यानंतर परदेशी खेळण्यांवर आयातीचे निर्बंध आले आणि ज्यांच्याकडे पूर्वींची गाडी होती तेवढींच घरें उरलीं. तरीही पुण्यास कोथरूड भागांत भाऊसाहेब जोशी यांनीं आपल्या छंदापायीं आयुष्यभर जमविलेल्या गाड्यांतून लहान रेल्वेचें एक संग्रहालय उभें केलें. तें १ एप्रिल १९९८ रोजीं लोकांस खुलें झालें. तेथील गाड्या १:८७ या प्रमाणाच्या आहेत. दिवे मालवून रात्र केली जाते, इवल्याशा शहरांतल्या खिडक्या उजळतात, आणि मुलांइतकेच त्यांचे आजोबाही पुढें वांकून पाहूं लागतात. आमच्या घरचीं मुलें सुट्टींत पुण्यास गेलीं कीं तेथें जाण्याचा हट्ट धरतात.

तेथून परत येतांना आमच्या नातीनें प्रश्न विचारला, “आजोबा, यांत आपली बारामतीची गाडी कां नव्हती?”

प्रश्न अगदीं रास्त होता. १९१४ सालीं दौंडाहून बारामतीस अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून गाडी सुरू झाली. सत्तावीस मैलांचा मार्ग. नीरेच्या डाव्या कालव्यानें ऊंस पिकूं लागला होता, गुळाची पेठ वाढत होती. पुढें विसावें शतक संपण्यापूर्वीं या मार्गाचें रुंद मार्गांत रूपांतर झालें आणि लहान गाडी गेली. इंदापूर गांवास तर रेल्वे कधीं लाभलीच नाहीं. तालुक्यांतून मुख्य मार्ग जातो खरा, परंतु उजनीचें पाणी चढलें तेव्हां तोही जुन्या जागेवरून हलवावा लागला, आणि डिकसळजवळचा रेल्वेचा जुना पूल मोटारींच्या वाटेस लागला. इंदापूरच्या वारकऱ्यांस ठाऊक असलेली लहान गाडी म्हणजे भीमेपलीकडील कुर्डुवाडीची, बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरानें ती १८९७ सालीं सुरू केली. १९०६ सालीं ती पंढरपुरास पोंचली, १९११ सालीं लातुरास, १९२७ सालीं मिरजेस.

या कॅलथ्रॉपानें बार्शीचा अनुभव घेऊन इंग्लंडांत स्टॅफर्डशायरमध्यें लीक आणि मॅनिफोल्ड या नांवाची, त्याच अडीच फुटी मापाची एक रेल्वे बांधविली. ती १९०४ सालीं सुरू झाली व १९३४ सालीं बंद पडली. उणीपुरी तीस वर्षें चालली. तिच्या फिक्या पिवळ्या डब्यांच्या आणि दोन इंजिनांच्या प्रतिकृति तेथील शोकीन आजही करतात, कारण तिची मापें, आराखडे, छायाचित्रें सर्व जपलेलीं आहेत. थोरल्या बहिणीच्या, आपल्या बार्शीच्या, वांट्यास तेवढा मान आला नाहीं. आणि बारामतीच्या गाडीचें तर नांवही कोणी घेत नाहीं.

गणिताच्या दृष्टीनें पाहिलें तर काम अवघड नाहीं. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. ८७ नें भागल्यास पावणेनऊ मिलिमीटर होतात, आणि ९ मिलिमीटरचे तयार रूळ बाजारांत मिळतात. गंमत अशी कीं, आपल्या मोठ्या रेल्वेची प्रतिकृति करणें त्याहून कठीण, कारण तिच्या रुंदीस बरोबर बसणारे रूळ तयार मिळत नाहींत आणि परदेशी अरुंद रुळांवर भागवावें लागतें. दौंड ते बारामती सर्व मार्ग या प्रमाणांत मांडूं म्हटलें तर अर्धा किलोमीटर जागा हवी. आमच्या वाड्याची पडवी तेवढी लांब नाहीं. एक स्टेशन व एक वळण यांवर समाधान मानावें लागेल.

घरांत हॉर्नबीची एक जुनी किल्लीची गाडी आहे. चुलतआजोबांनीं ती मुंबईहून आणलेली, पत्र्याची, खोक्याशिवाय, चाकें पार झिजलेलीं. वांटणीच्या वेळीं तिचा विषय निघाला तेव्हां एका पुतण्यानें ती संगणकावरील लिलावांत घालण्याचें सुचविलें. त्याचें चुकीचें होतें असें आम्ही म्हणत नाहीं. एका वस्तूचे चार वांटे होत नाहींत, पैशाचे होतात. माईंनीं मात्र ती पेटी आपल्या कपाटांत ठेवून कुलूप घातलें आणि नातीस बजावलें, “तूं आधीं तुझी बारामतीची गाडी कर, मग ही तुझी.” नातीनें पुठ्ठा आणला आहे, कात्री आणली आहे, अडलें आहे तें मापांवर. डब्यास खिडक्या किती, पायरी केवढी उंच, इंजिनाचें तोंड दौंडाकडे असे कीं बारामतीकडे, स्टेशनावरची पाण्याची टाकी कोणत्या बाजूस, हें सांगणारीं माणसें दरसाल कमी होत आहेत. ज्या वाचकांच्या घरीं दौंड-बारामती गाडीचें एखादें छायाचित्र असेल, लग्नाच्या वऱ्हाडाचें असलें तरी चालेल, त्यांनीं त्याच्या मागच्या बाजूस वर्ष व स्टेशनाचें नांव आजच शिसपेन्सिलीनें लिहून ठेवावें, आणि घरांतल्या ज्या वडील माणसांनीं त्या गाडीनें प्रवास केला असेल त्यांस डब्याच्या खिडक्या किती होत्या तें विचारावें.