मताचा हक्क (भाग ६) : परळहून सायमन कमिशनकडे

गेल्या आठवड्यात आपण १९१९चा कायदा पाहिला. घरभाडं, शेतसारा, आयकर यांवर मत ठरत होतं. मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात अस्पृश्यांचा प्रतिनिधी निवडून येत नसे, सरकार नेमेल तो बसे. ही स्थिती बदलायला परळमधल्या एका नोंदणीकृत संस्थेने काय केलं, ते आज पाहू.

९ मार्च १९२४ रोजी दामोदर हॉलमध्ये डॉ. आंबेडकरांनी बैठक बोलावली आणि २० जुलैला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली तिची नोंदणी झाली. सर चिमणलाल सेटलवाड अध्यक्ष, आंबेडकर व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष, सीताराम शिवतरकर चिटणीस. सभेने सोलापुरात वसतिगृह काढलं, मुंबईत मोफत वाचनालय आणि हॉकी क्लबही चालवला. सरकारदरबारी निवेदन देणाऱ्या संस्थेने पोरांच्या खेळाची सोय बघावी, हे मला फार मोलाचं वाटतं. ज्यांच्या नावाने बोलायचं, त्यांच्यात तिचा रोजचा वावर होता.

१९१९च्या कायद्याखालचा कारभार तपासून पुढच्या सुधारणा सुचवायला ब्रिटिश सरकारने नेमलेलं सायमन कमिशन ३ फेब्रुवारी १९२८ला मुंबईत उतरलं ते काळ्या निशाणांमध्ये. सातही सभासद ब्रिटिश, म्हणून देशभर बहिष्कार होता. सभेने मात्र २९ मे रोजी कमिशनला लेखी निवेदनं दिली आणि २३ ऑक्टोबरला पुण्यात आंबेडकरांनी साक्ष दिली. त्यासाठी त्यांना पुष्कळ शिव्याशाप ऐकावे लागले. पण ज्याला मतच नाही, त्याने आपलं गाऱ्हाणं मांडायची समोर आलेली संधी का सोडावी?

मागणीची बांधणी नीट समजून घ्यायला हवी. कमिशनपुढे गेलेल्या अस्पृश्यांच्या अठरा संस्थांपैकी सोळांनी स्वतंत्र मतदारसंघ मागितले. स्वतंत्र म्हणजे अस्पृश्यांचा प्रतिनिधी फक्त अस्पृश्यांनीच निवडायचा. सभेने मागितले संयुक्त मतदारसंघ, म्हणजे सगळ्या मतदारांनी मिळून मत द्यायचं; त्यात राखीव जागा आणि प्रत्येक प्रौढाला मत. प्रौढ मताधिकार देणार नसाल, तर मात्र आम्हाला स्वतंत्र मतदारसंघ हवेत, असं आंबेडकरांनी बजावलं.

ही अट का? समजा परळची एक जागा राखीव आहे, पण मत फक्त ठरावीक भाडं भरणाऱ्याला. मग चाळीतल्या एका खोलीत दाटीवाटीने राहणारा अस्पृश्य गिरणी कामगार यादीबाहेर राहणार, आणि राखीव जागेवरचा माणूस सवर्ण मतदार पसंत करतील तो. प्रौढ मताधिकार आला की तोच कामगार, त्याची बायको, त्याचा भाऊ यादीत येतात. उमेदवाराला त्यांच्या दारात जावंच लागतं. राखीव जागेत जीव येतो तो मतदार यादीमुळे. आरक्षणावरच्या आजच्या वादांतही हा धागा सुटलेला दिसतो, याचं मला वाईट वाटतं.

सायमन कमिशनने प्रौढ मताधिकार नाकारला. पुढच्या घटनेवर चर्चेसाठी लंडनला भरलेल्या पहिल्या गोलमेज परिषदेत आंबेडकर आणि अस्पृश्यांचे दुसरे प्रतिनिधी रावबहादूर श्रीनिवासन यांनी पहिली दहा वर्षं स्वतंत्र मतदारसंघ आणि त्यानंतर, प्रौढ मताधिकार असेल तर, संयुक्त मतदारसंघ व राखीव जागा, अशी योजना मांडली. परळच्या निवेदनातली अट त्यात जशीच्या तशी दिसते. तिथून येरवड्यापर्यंत, २४ सप्टेंबर १९३२च्या पुणे करारापर्यंत, काय घडलं ते पुढच्या भागात.